थांब, चल, सोड

थोरल्यांच्या हातात वॉकीटॉकी देण्याची बुद्धी कुणाला झाली, याचा घरात बरेच दिवस शोध चालला होता. शेवटी ती त्यांनी स्वतःच विकत आणली होती असं निघालं आणि विषय मिटला. बटण दाबून बोलायचं आणि बोलून झालं की बटणावरचा अंगठा काढायचा, एवढंच त्या यंत्राचं शास्त्र. त्यातला पहिला अर्धा भाग थोरल्यांना दुकानातच समजला होता. उरलेला अर्धा अजून समजायचा होता.

शेत मोठं होतं. इकडच्या टोकाला उभं राहून तिकडच्या टोकाचा माणूस ओळखायचा, तर तो चालण्यावरूनच ओळखावा लागे. सगळीकडे भात पिकून पिवळा झाला होता आणि त्यातून यंदाच घेतलेली नवी कंबाइन फिरत होती. पुढच्या दातांनी ती भात कापायची, पोटात झोडायची, दाणे टाकीत घ्यायची आणि पेंढा मागे टाकायची. टाकी भरत आली की बाजूची लांब नळी पसरायची आणि शेजारून त्याच वेगाने चालणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत दाणे ओतायची. घरात सगळे या नळीला सोंड म्हणत. दाणे ओतताना मशीन थांबत नसे आणि ट्रॅक्टरही थांबत नसे. थोरले हे पाहुण्यांना अशा थाटात सांगत, की ती सोंड त्यांनीच शोधून काढली असावी असं वाटे.

मशीन चालवत होती त्यांची मुलगी. लहानपणी एका जागी बसेल तर शपथ, म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं होतं. आता ती दिवसभर कंबाइनच्या गादीवर बसे आणि जेवायला हाक मारली तरी उतरत नसे. थोरल्यांना तिचा अभिमान इतका, की तो त्यांच्या पोटात मावत नसे. तो वॉकीटॉकीतून बाहेर येई.

"डावीकडे घे. अगं डावीकडे म्हणजे माझ्या डावीकडे. शाब्बास. आता सरळ. सरळच आहेस, पण अजून सरळ."

पहिला दिवस भिंगरीने ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी जेवताना तिने सांगून टाकलं, "बाबा, यापुढे वॉकीटॉकीवर तीनच शब्द. थांब म्हणालात की मी मशीन थांबवीन. चल म्हणालात की चालवीन. ट्रॉली सोंडेखाली आली की म्हणायचं सोड, मी दाणे सोडीन. माझी नजर पुढच्या कापणीवर असते, मागे वळून बघत बसले तर ओळ वाकडी होते. तेव्हा ट्रॉली बघणं तुमचं काम. बाकी जे बोलायचं ते घरी."

"आणि शाब्बास?" थोरल्यांनी विचारलं.

"तेही घरी."

थोरल्यांनी मान्य केलं. मुलीने बापाला इतक्या ठणकावून सांगितलं, याचाही त्यांना अभिमानच वाटला. ट्रॅक्टर चालवणाऱ्या धाकट्या भावालाही त्यांनी तो अभिमान ऐकवला. धाकट्यांनी मान डोलावली. थोरल्यांशी बोलताना एरवीही त्यांच्या वाट्याला तेवढंच येई.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि अक्कांचा निरोप आला. अक्का म्हणजे या दोघा भावांची मोठी बहीण. शेतात तिघांचा वाटा, पण अक्कांच्या शब्दाबाहेर घरात पान हलत नसे. त्यांचं म्हणणं असं, की एवढं महागाचं मशीन, ते धाकट्यांच्या मुलाच्या हातात द्यावं. पोरीने हौस केली ती ठीक. "मी उद्या येऊन बघते," त्या म्हणाल्या, "आणि गादी कुणाची ते एकदाचं ठरवते."

धाकट्यांच्या मुलाला सगळे निवांत म्हणत. घराला आग लागली तरी हा आधी चप्पल शोधेल, अशी त्याची ख्याती होती. त्याने कंबाइन कधी मागितली नव्हती. पण नाही म्हणायलाही काही हालचाल करावी लागते, ती त्याने केली नव्हती. भिंगरीचा मात्र जीव त्या गादीत होता. त्या रात्री ती नीट जेवली नाही. थोरल्यांनी ते पाहिलं आणि मनाशी ठरवलं, की उद्या आपण तोंडाला कुलूप लावायचं. पोरीच्या कामात आपल्यामुळे खोट यायला नको.

दुसऱ्या दिवशी अक्का आल्या त्या त्यांच्या पांढऱ्या गाडीतून. गाडी निवांत चालवत होता. छतावरची काच उघडून अक्का मागच्या सीटवर उभ्या राहिल्या होत्या आणि डोळ्यांना काळा गॉगल होता. थोरल्यांची धांदल उडाली.

"अरे, अक्का काय अशी उभीच राहणार?" ते धाकट्यांना म्हणाले. "जा, शेडमधून खुर्ची आण. आणि चहा आण. कपबशीतून आण, पेल्यातून नको."

"ट्रॅक्टर घेऊन?" धाकटे म्हणाले.

"मग काय खुर्ची डोक्यावर आणणार आहेस?"

धाकट्यांनी मान डोलावली आणि ट्रॉलीसकट ते चहाला गेले. ट्रॉली चहाला गेली आहे, हे भिंगरीला कळवायला हवं होतं. पण ठरलेल्या तीन शब्दांत तशी सोय नव्हती, आणि थोरले आज शब्दाचे पक्के होते.

"मला जवळून बघायचंय," अक्का म्हणाल्या. "चल, बस गाडीत."

थोरले पुढे बसले. वॉकीटॉकी मांडीवर धरली. निवांतने गाडी शेताच्या कडेच्या रस्त्यावर घातली आणि कंबाइनच्या बरोबरीने चालवू लागला, जिथे एरवी ट्रॉली चालते अगदी तिथून. नव्या मशीनशेजारी गंजकी ट्रॉली शोभत नाही म्हणून थोरल्यांनी ती हौसेने पांढरी रंगवून घेतली होती. भुसा उडत होता. भिंगरीने आरशात ओझरतं पाहिलं, तर धुरळ्यात काहीतरी पांढरं तिच्या वेगाने येत होतं. काका वेळेवर आले, असं तिला वाटलं. टाकी भरत आली होती. तिने सोंड पसरली आणि बाबांच्या शब्दाची वाट बघत नजर पुढे लावली.

भुसा डोळ्यांत जायला लागला तशा अक्का खाली बसल्या. काच उघडीच राहिली, कारण बसल्या बसल्या त्यांनी विषय काढला.

"चालवते बरी. पण उद्या लग्न करून गेली की? मग हे धूड कोण चालवणार, तू?"

"अक्का, आज ते नको."

"का नको? निवांत कुठे जाणार नाही. तो उठून दाराशी जात नाही, तर गाव सोडून काय जाईल?"

"खरंय," निवांत म्हणाला.

थोरल्यांचा राग चढला. राग चढला की त्यांच्या मुठी आवळत, आणि उजव्या मुठीत वॉकीटॉकी होती. अंगठा बटणावर घट्ट बसला.

"अक्का, पाया पडतो तुझ्या, पण तो विषय आता सोड," ते म्हणाले. "सोड म्हणतो ना. सोड."

इंजिनाच्या घरघरीत भिंगरीला ठरलेला शब्द तेवढा ऐकू आला, आणि भिंगरीने सोडलं.

पहिल्यांदा छपरावरून गारा पडल्यासारखा आवाज झाला, आणि मग अक्कांच्या मांडीवर भात आला. भात थांबेना. निवांतने आरशात बघितलं, मागे सगळं पिवळं दिसत होतं.

"अगं थांब!" थोरले वॉकीटॉकीत ओरडले.

भिंगरी आज्ञाधारक. तिने मशीन जागच्या जागी थांबवलं. काका थांब म्हणाले म्हणून निवांतनेही गाडी थांबवली. सोंड बरोबर छताच्या भोकावर राहिली आणि भात पडतच राहिला, कारण थांब हा शब्द चाकांसाठी होता. सोंड बंद करायला शब्दच ठरला नव्हता. टाकी रिकामी होण्याआधी ट्रॉली भरून वाहते अशी वेळ आजवर आली नव्हती.

"चल, चल," थोरले निवांतला म्हणाले. त्यांचा अंगठा अजून बटणावरच होता.

निवांतने गाडी चालवली. भिंगरीने मशीन चालवलं. दोघंही एका घरात वाढलेली, दोघांचा वेग तंतोतंत एक. भात अक्कांच्या कमरेपर्यंत आला. पुढच्या सीटांमधून तो थोरल्यांच्या मांडीवर उतरला आणि वॉकीटॉकी हातासकट त्यात बुडाली.

"काका," निवांत म्हणाला, "हॉर्न वाजवू का?"

"विचारतोस काय, गाढवा?"

निवांतने हॉर्न वाजवला. भिंगरीने दचकून वळून बघितलं. ट्रॉलीच्या जागी आत्याची गाडी होती आणि तिच्या छतातून आत्याचा एक हात वर आला होता. तिने सोंड बंद केली, मशीन बंद केलं आणि पायऱ्या न मोजता उडी मारून धावत आली. थोरले दाराच्या कडीला हात घालणार, तेवढ्यात मागून अक्कांचा आवाज आला.

"दार उघडू नकोस. दाणा मातीत जाईल."

तेव्हा दारं बंदच राहिली आणि काचा खाली झाल्या. अक्का छातीपर्यंत भातात बसल्या होत्या. गॉगल नाकावर तिरका झाला होता. भिंगरीचा चेहरा पांढराफटक पडला.

"आत्या, लागलं नाही ना तुला? माझं चुकलं गं. मी वळून बघायला हवं होतं. माझीच चूक." गादी गेली, हे तिच्या तोंडावर वाचता येत होतं.

थोरल्यांनी आयुष्यात बऱ्याच चुका केल्या होत्या, पण एकही कबूल केली नव्हती. चूक नेहमी पावसाची असे, नाहीतर धाकट्यांची. आताही धाकटे जवळ नव्हते, म्हणजे सोय उत्तम होती. थोरल्यांनी पोरीकडे पाहिलं.

"तिची काही चूक नाही," ते म्हणाले. "चूक माझी आहे. मी अंगठा काढला नाही. तिने सांगितलं होतं तीनच शब्द बोला, आणि मला तेवढेही धड बोलता आले नाहीत. तिने काम चोख केलं. काय बोलायचं ते मला बोल, अक्का."

अक्कांनी समोरच्या भातातून मूठभर दाणे उचलले, तळहातावर पसरले आणि गॉगल कपाळावर चढवला. मग एक दाणा दाताखाली घेऊन कटकन फोडला.

"एकही तुटलेला नाही," त्या म्हणाल्या. त्यांनी खोलवरून दुसरी मूठ काढली. "भुसा नाही, काडी नाही. भुसा उडवायचा पंखा कुणी लावला?"

"मीच," भिंगरी म्हणाली. "सकाळी दोनदा त्याचा वेग बदलला. भातात दमटपणा होता म्हणून."

अक्कांनी मान वर करून छताचं भोक पाहिलं. मग खिडकीतून मान बाहेर काढून गाडीच्या टपावर नजर फिरवली, आणि रस्ताही आल्या वाटेपर्यंत नीट न्याहाळला.

"बाहेर एक मूठभर तरी सांडलाय का रे?"

"पहिले चार दाणे टपावर पडले," निवांत म्हणाला. "बाकी सगळे आपल्यात."

"चालत्या मशीनमधून, चालत्या गाडीत, एवढ्याशा भोकातून," अक्का म्हणाल्या. "मी इतकी वर्षं शेती बघतेय. उभ्या पोत्यात दाणे ओतायचे तरी आपल्या घरातली माणसं अर्धे पायावर घेतात."

एवढ्यात धाकटे परतले. पांढऱ्या ट्रॉलीत मधोमध एक खुर्ची, खुर्चीत थर्मास, कपबशा मांडीवर. त्यांनी भरलेली गाडी पाहिली, रिकामी ट्रॉली पाहिली. विचारण्यासारखं बरंच होतं. पण त्यांनी फक्त विचारलं, "अक्का, साखर?"

"एक चमचा," अक्का म्हणाल्या, आणि भातात बसूनच त्यांनी चहा घेतला. खुर्ची ट्रॉलीतच राहिली.

चहा संपवून त्यांनी बशी धाकट्यांच्या हातात दिली आणि निकाल सांगितला. "मशीन भिंगरीचं. आणि गाडी एका वेगात धरण्यात या निवांतचा हात कुणी धरणार नाही, तेव्हा ट्रॅक्टर त्याच्याकडे."

"चालेल," निवांत म्हणाला. "ट्रॅक्टरवर सारखं उतरावं लागत नाही."

"आणि लग्नाचं?" थोरल्यांना राहवलं नाही.

"तिने कुठे जायचं कारण काय?" अक्का करड्या आवाजात म्हणाल्या. "ज्याला ही हवी असेल तो इकडे येईल राहायला. काहीतरी बोलतोस."

मग घमेल्यांनी गाडी रिकामी झाली. अक्का बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या केसांत, बाह्यांत आणि पर्समध्ये भात होता. पर्समधला त्यांनी परत दिला नाही. घरी जाऊन शेजारणींना दाखवायचा आहे, म्हणाल्या.

शेतात अजून बरंच काम उरलं होतं. भिंगरी मशीनवर चढली. थोरले खाली उभे राहिले, हात मोकळे, वॉकीटॉकी भाताबरोबर कोठारात गेलेली. पायरीवरून भिंगरीने मागे वळून पाहिलं. कंबाइनच्या केबिनमध्ये चालवणाऱ्याच्या गादीशेजारी एक छोटी बैठक असते, शिकणाऱ्या माणसासाठी.

"बाबा, वर या."

थोरले चढले. गुडघे पोटाशी घेऊन त्या बैठकीवर बसले. मशीन निघालं. पुढे पिवळा भात आडवा होत होता, मागे पेंढ्याची सरळ रेघ उमटत होती, आणि पाठीमागच्या काचेतून टाकीत दाणे पडताना दिसत होते. भिंगरीच्या हातात दांडा होता. त्या हाताकडे, तिच्या नजरेकडे, पुढच्या ओळीकडे थोरले आळीपाळीने बघत राहिले. एक आख्खी ओळ झाली. वळण झालं. दुसरी ओळ निम्मी झाली, तरी केबिनमध्ये आवाज होता तो फक्त इंजिनाचा.

"बाबा," भिंगरीने शेवटी विचारलं, "रागावलात का? इथे कितीही बोललात तरी चालतं."

थोरल्यांनी घसा साफ केला. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं.

"काय बोलू?" ते म्हणाले. "सांगण्यासारखं काही शिल्लक ठेवलं नाहीस तू."