चौदा नंबरचा ज्वालामुखी

प्रेमसिंगच्या गिरणीसमोर एक अनोळखी मुलगी उकिडवी बसली होती आणि ओट्याला पट्टी लावत होती. पट्टी सहा इंची, अर्धी काळी, अर्धी पांढरी. तिनं पट्टीसकट ओट्याचा फोटो काढला, शेजारी खडूनं '१४' लिहिलं, वहीत काहीतरी टिपलं आणि मान तिरपी करून पुन्हा ओट्याकडे बघत राहिली. गिरणीत ज्वारी पडत होती, म्हणून प्रेमसिंगला जागचं हलता येईना. पण भुवयांवर पीठ साचलं असलं तरी तिची एकही हालचाल त्याच्या नजरेतून सुटली नाही.

ओट्याचं प्रकरण नाजूक होतं. आर्णीच्या त्या रस्त्यावर प्रेमसिंगची हद्द गिरणीच्या भिंतीशी संपत होती आणि ओटा तिथूनच सुरू होत होता. काळ्या दगडाचा, नऊ फूट लांब, नालीवरून तीन फूट पुढं आलेला. दिवसा त्यावर दळणाचे डबे बसत, संध्याकाळी डबेवाले. एसटीतून निवृत्त झालेला ड्रायव्हर देवराव तर सकाळपासूनच बसे आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळून ओट्याच्या कडेनं खाली थुंके. त्यावरून आठ वर्षं दोघांचं भांडण चालू होतं. तरीही ओटा गेला तर देवराव जाईल, डबे जातील आणि गिरणी नुसतीच घरघरत राहील, हे प्रेमसिंगला पक्कं ठाऊक होतं.

ज्वारी संपताच तो बाहेर आला.

"काय मोजून राह्यल्या, म्याडम?"

मुलगी दचकली. "मोजत नाही, काका. फोटोत पट्टी असली की वस्तू केवढी आहे ते कळतं."

"कोनाले कळते?"

"बघणाऱ्यांना. यवतमाळला."

यवतमाळ म्हणजे प्रेमसिंगच्या लेखी कलेक्टर कचेरी आणि अतिक्रमणवाले. "यवतमाळले कुठं?"

"कॉलेजात. मी वैष्णवी. भूशास्त्रात एमएस्सी करतेय. आर्णीत ज्वालामुखी शोधतेय."

"सापडला का?"

"तेरा सापडले. हा चौदावा." ती पुढं समजावणार होती, पण प्रेमसिंगचा चेहरा बघून तिनं वही मिटली आणि निघाली.

"ज्वालामुखी म्हने!" प्रेमसिंग देवरावला म्हणाला. "आर्नीत!"

देवरावनं खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला. "सरकारी मानूस असंच सांगते, बापा. जे कोनी खरं मानत नाई, तेच सांगाचं. म्हंजे कोनी पुढं विचारत नाई."

मग देवराव चक्क उठला. अर्ध्या तासानं परत आला तेव्हा त्याचा आवाज खाली गेला होता. "बस स्टँडपासून नंबर हायेत. एक नंबर पानठेल्याचा पत्रा. चार नंबर डॉक्टरच्या पायऱ्या. अकरा नंबर सलूनवाल्याचा कट्टा. समदे रस्त्यावर आलेले, अन् समदे एका लाइनीत!"

आर्णीत रस्त्यावर काहीच न आलेलं दुकान कोणतं, हा प्रश्न दोघांनाही सुचला नाही. शंका एकदा दळायला पडली की पुरावे आपापले डबे घेऊन रांगेत येतात.

खडू पुसायला ओला फडका पुरला. पण वहीतला चौदा कसा पुसणार? प्रेमसिंगनं शांतपणे विचार केला. वहीत चौदा आहे म्हणजे रस्त्यावरही चौदा असायलाच हवा, नाहीतर ती शोधत इथंच येईल. शेजारचा मोबाईलवाला राजकुमार जेवायला घरी गेला होता. प्रेमसिंगनं गिरणीतला खडू घेतला आणि त्याच्या पायरीवर ठळक '१४' काढला.

राजकुमार जेवून आला. त्यानं आकडा पाहिला, इकडंतिकडं पाहिलं, कुणाला काही विचारलं नाही. पाच मिनिटांनी चौदा नंबर पलीकडच्या चपलेच्या दुकानावर होता. संध्याकाळपर्यंत चार दुकानं फिरून तो कापडवाल्याच्या पांढऱ्याशुभ्र मार्बलवर पोचला.

दुसऱ्या दिवशी वैष्णवी त्या मार्बलसमोर बराच वेळ उभी राहिली. वहीत बघे, मार्बलकडे बघे. मग एकेक पायरी निरखत ती गिरणीपर्यंत आली. प्रेमसिंगनं ओट्यावरून पोतं सोडलं होतं. तिनं पोतं उचललं आणि तिचा चेहरा उजळला.

"इथंच आहे! काका, सगळ्यात मोठा हाच. उद्या सर येणार आहेत बघायला. याचं काम त्यांच्यासमोरच पूर्ण करायचंय."

"समद्यात मोठा कसा? तो डॉक्टर चार फूट आलाय!"

"पण त्याच्यात असं काही नाही," ती म्हणाली आणि पोतं नीट खाली सोडून गेली.

रात्री जेवताना प्रेमसिंगची बायको जमनी म्हणाली, "अवो, त्या पोट्टीले एकडाव नीट विचारून तं पाहा."

"विचारलं. ज्वालामुखी सांगते."

"मंग असन ज्वालामुखी!"

"तू गप राय. जेसीबी आला तं दगडसुद्धा नेते. आपल्या हातानं काढला तं दगड तरी आपले राह्यतीन."

सकाळी सहाला प्रेमसिंगनं ओटा उचकटायला लोखंडी सब्बल उचलली. देवराव समोरच्या बाजूला उभं राहून, एसटी मागं घेताना सांगतात तसं, "येऊ दे, येऊ दे, थांब!" करत होता. नऊ वाजता ओट्याच्या जागी नाली होती आणि भिंतीशी काळ्या दगडांचा ढीग.

दहाला वैष्णवी आली. सोबत पांढऱ्या केसांचे सर, त्यांच्या गळ्यात भिंग. ती नालीच्या काठावर थबकली.

"काका... चौदा नंबर?"

"कोनता चौदा नंबर? इथं कधीच काही नोतं. पयलेपासून नालीच हाय."

वैष्णवीचे डोळे भरून आले. "काका, महिनाभर फिरले मी. पायऱ्या-पत्र्यांत दिसणाऱ्या ज्वालामुखींच्या फोटोंचं कॉलेजात प्रदर्शन आहे, त्यात मधोमध तोच लावणार होते. सकाळच्या उन्हातला एक चांगला फोटो तेवढा राहिला होता." तिनं मोबाईल पुढं धरला.

फोटोत ओट्याची पुढची बाजू होती. पाइप काढल्यावर उरलेलं भोक, त्याभोवती चुन्याचे फुगून फुटलेले पापुद्रे, आणि त्या तोंडातून काळ्या दगडावर उतरलेल्या तांबड्या धारा, कुठं ताज्या, कुठं करपून वाळलेल्या. शेजारी पट्टी नसती तर डोंगर पेटलाय असंच वाटलं असतं. प्रेमसिंग आठ वर्षं त्या ओट्याचा मालक होता, पण हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

"याडी!" त्याच्या तोंडून बंजारा बोलीतली आई आपोआप निघाली. "हा तं खरंच ज्वालामुखी हाय."

देवरावनं फोटो जवळून पाहिला. "थांब. हे लाल तं माह्या खर्र्याचं हाय!" तो ताठ झाला. "पाह्यलं का प्रेमसिंग? अन् तू मले शिव्या देत होता."

सर ढिगातला एक दगड भिंगाखाली फिरवत होते. "वैष्णवी, रडू नको. हे बघ, केवढे बुडबुडे आहेत याच्यात." दगड त्यांनी प्रेमसिंगच्या हातात दिला. "फोटोतला ज्वालामुखी आभास होता. हा मात्र खरा लाव्हा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहत आला आणि इथंच थिजला."

"इथं? ह्या रस्त्यावर?"

"तेव्हा रस्ता नव्हता."

"म्हंजे पयलं अतिक्रमन याचंच!" देवराव म्हणाला.

प्रदर्शनाच्या दिवशी प्रेमसिंग गिरणी बंद ठेवून ते बघायला गेला. यवतमाळच्या प्रदर्शनात चौदा नंबर मधोमध लागला, खाली 'प्रेमसिंग यांचा ओटा, आर्णी' असं लिहून. बातमी रस्ताभर पसरली आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. राजकुमारनं पायरी वाढवली, सलूनवाल्यानं कट्ट्यावर पत्रा टाकला. प्रेमसिंगनं त्याच दगडांचा ओटा पुन्हा बांधला. काम आता नामांकित होतं, म्हणून सहा इंच जास्त घेतले.

महिनाभरानं दोन माणसं आली. लांब टेप, खडू, लाल रंगाचा डबा आणि अतिक्रमण खात्याची जाड फाईल.

"ज्वालामुखीवाले आले!" राजकुमार ओरडला आणि त्यानं चहा सांगितला. कुणी शटर ओढलं नाही. प्रेमसिंगनं गिरणी थांबवली, ओटा झाडला आणि टेपचं एक टोक स्वतः भिंतीशी धरलं.

"असं भिंतीपासून घ्या, साहेब, बरोबर येते. तीन फूट सहा इंच. लिहा."

"ओटा कोणी बांधला?"

"म्याच! दोन डाव बांधला. खाली नाली हाय, तेबी लिहा. अन् माहं नाव मोठ्या अक्षरात टाका, मागच्या टायमाले बारीक होतं."

"जरा थांबा," देवराव ओट्याच्या कडेला सरकत म्हणाला, "लाल ताजं करून देतो."

टेपचं दुसरं टोक धरलेल्या माणसानं हातातला चहा खाली ठेवला. वीस वर्षांच्या नोकरीत त्यानं शिव्या खाल्ल्या होत्या, कुत्री अंगावर घेतली होती, पण हसत हसत टेप कुणी धरला नव्हता. त्यानं प्रेमसिंगकडे रोखून पाहिलं आणि जोडीदाराच्या कानात कुजबुजला, "हा काहीतरी लपवतोय. पुन्हा मोज."

पुन्हा मोजलं. तीन फूट सहा इंचच भरले. तरीही त्याला खात्री वाटेना.