साळुंके सरांचं वर्तुळ

प्राध्यापक रंगनाथ साळुंके भरलेली घागर डोक्यावर घेऊन कॉलेजच्या मैदानात चकरा मारत होते. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात टाय आणि टायवरून ठिबकणारं पाणी. मी सायकलवरून उतरलो तो तिथंच थिजलो. प्राचार्य व्हरांड्यात आले, त्यांनी बघितलं आणि ते परत आत गेले. बहात्तरच्या दुष्काळानंतरची दोन-तीन वर्षं होती ती. उस्मानाबादेत तेव्हा कशाचंच नवल उरलं नव्हतं, तरी त्या दिवशी आमचा शिपाई तासाची घंटा द्यायला विसरला.

"कांबळेसर, तेवढं घड्याळ लावा," सर मला म्हणाले. "रिकाम्या घागरीचं पाऊल वेगळं, भरलेल्या घागरीचं वेगळं. प्रबंधात एवढंच राहिलंय बघा."

मी इतिहास शिकवायचो, ते भूगोल. विद्यापीठाला द्यायचा त्यांचा प्रबंध पाण्यावर होता: जिल्ह्यातल्या कुठल्या वस्तीला पाणी किती लांब. त्यासाठी त्यांनी एकेका गावाचे चार-चार नकाशे ट्रेसिंग पेपरवर काढले होते. एकावर विहिरी, दुसऱ्यावर घरं, तिसऱ्यावर वाटा, चौथ्यावर जमिनीचा उतार. ते चारही कागद एकावर एक ठेवून सर खिडकीच्या काचेला लावायचे आणि उजेडात गाव वाचायचे. आज हेच काम संगणक करतो आणि त्याला भारदस्त नाव आहे. आमच्याकडे खिडकी होती.

"थर लावून बघा," हे त्यांचं पालुपद. कुणाच्या मुलीचं स्थळ असो की कुणाची बदली, सरांचा सल्ला ठरलेला. स्वतःसाठी भाड्याचं घर शोधतानाही त्यांनी थर लावले. स्टँड जवळ, वारा मोकळा, पावसाचं पाणी साचत नाही असे तीन कागद काचेला लावले. तिन्ही जिथं जुळले ती जागा निघाली स्मशानभूमीची. आम्ही पोट धरून हसलो. सरांनी मात्र तिला लागूनचं घर घेतलं आणि आयुष्यभर तिथंच एकटे राहिले. नकाशा खोटं बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं.

या थरांवर शेवटी ते कंपास ठेवायचे आणि सार्वजनिक विहिरीभोवती एक वर्तुळ काढायचे. वर्तुळाच्या आतल्या वस्तीला पाणी जवळ, बाहेरच्या वस्तीला लांब. तालुक्याच्या कचेरीला ही युक्ती फार आवडली. हापसे कुठं बसवायचे याची यादी तिथं सरांच्या नकाशांवरूनच होऊ लागली. जो वर्तुळात, त्याला हापसा नाही. सरांची कॉलर तेव्हा ताठ असायची, आणि का नसावी?

घागरीचा सराव झाल्यावर आम्ही तेरच्या बाजूच्या एका गावाला गेलो. गावाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून मला रामराम करतात. गावाच्या कडेला बौद्ध वस्ती होती. तिथल्या सोजरबाईंनी सरांना चुंबळ करून दिली, घागर दिली आणि पदर तोंडाला लावून हसून घेतलं. बायकांच्या रांगेत मागं सर, त्यांच्या मागं घड्याळ घेऊन मी. पारावरची माणसं बिड्या विझवून बघत राहिली.

सार्वजनिक विहीर आली. सर थांबले. बायका थांबल्या नाहीत.

"ओ बाई, विहीर हितंच हाय की," सर म्हणाले.

"ती न्हवं सर. आमचं पाणी पुढं, वड्यात. झिरा खांदलाय."

"पण ही सरकारी विहीर आहे. सगळ्यांची."

"व्हय. पाटीवर तसंच लिवलंय," सोजरबाई म्हणाल्या आणि चालू लागल्या.

सर गेले मागोमाग. झिरा, म्हणजे वाळूत खणलेला पाझराचा खड्डा, ओढ्याच्या पार वरच्या अंगाला होता. वाटी-वाटीनं घागर भरायला जितका वेळ लागला तितका वेळ सर वाळूत बसून राहिले. येताना भरली घागर डोक्यावर घेऊन ते त्याच विहिरीवरून गेले. मी घड्याळाकडं बघायचं सोडून दिलं होतं. वस्तीत घागर उतरवल्यावर ते माझ्याकडं वळले.

"कांबळेसर, तुम्हाला हे माहीत होतं?"

"होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही अंतर विचारत होता, सर."

मी अशाच वस्तीत वाढलो, मुरुम गावाकडं. मला वाटायचं हे सगळ्यांनाच ठाऊक असतं आणि मुद्दाम कुणी बोलत नाही. या शिकल्या-सवरलेल्या माणसाला ते खरोखरच ठाऊक नव्हतं, याचा मला जबर धक्का बसला. रागही आला. दोन्ही एकदम आलं.

पुढच्या आठवड्यात हापशांची यादी कायम व्हायची होती. सर मला घेऊन कचेरीत गेले. तिथले साहेब हसून म्हणाले, "त्या वस्तीचं नाव तर तुमच्याच नकाशावरून गाळलंय."

"नकाशा चुकीचा आहे," सर म्हणाले. "काढणारा मीच."

गावचे सरपंच तिथंच बसले होते. ते म्हणाले, "हिरीवर कुणालाबी मनाई न्हाय, सर. लई बरं चाललंय आमचं."

"मग उद्या सकाळी सोजरबाईंना घेऊन येतो. पहिला पोहरा तुम्ही ओढून द्या."

सरपंचांनी टोपी काढून पुन्हा घातली. साहेबांनी पेन उचललं आणि वस्तीचं नाव यादीत घातलं. महिन्याभरात हापसा बसला. विहीर होती तशीच राहिली, तेवढं सांगितलंच पाहिजे.

त्यानंतर सरांनी प्रबंध विद्यापीठाला द्यायचं रद्द केलं. सहा वर्षांचं काम. विद्यापीठातले त्यांचे मार्गदर्शक म्हणाले होते, एका गावाचं काय, तळटीप टाका. सर म्हणाले, वर्तुळ सगळ्याच गावांना काढलंय. हे ऐकून मी तिरीमिरीत त्यांच्या घरी गेलो. पदवीवर पाणी सोडून कुणाचं भलं होणार होतं? मला त्यांना चांगलं फैलावर घ्यायचं होतं.

सर जमिनीवर बसले होते. भोवती साऱ्या गावांचे कागद पसरलेले. मी तावातावानं बोललो ते त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग सतरंजीवरचे कागद बाजूला सारून माझ्यासाठी जागा केली.

"कांबळेसर," ते हळू आवाजात म्हणाले, "तुमच्या आई पाणी कुठनं आणायच्या?"

आठ वर्षं आम्ही एका टेबलावर डबा खात होतो. एवढ्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. माझा राग कुठं गेला कळलं नाही. मी खाली बसलो आणि सांगायला लागलो, आईची वाट, वाटेवरची बाभूळ, मधली विहीर, जिच्याजवळून जाताना आई माझा हात घट्ट धरायची. सर मान खाली घालून ऐकत होते. बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं, ते रडत होते.