तात्यांची ओसाका-स्वारी

तमाम सांगलीकरांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते, की आमचे शेजारी, हळदीचे दलाल तात्या, जपानातल्या ओसाका शहरात चार दिवस मुक्काम करणार आहेत. यात जपानचं नवल नाही. मुक्कामाचं आहे. बातमी ऐकून समोरच्या काकूंच्या हातातली दुधाची पिशवी निसटली.

कारण तात्या म्हणजे पोचण्याआधीच परत निघणारा माणूस. खंडाळ्याला बहिणीकडे गेले, तर चप्पल न काढता उंबऱ्यातच चहा घेतात आणि परतीची एसटी विचारतात. आष्ट्याच्या एका लग्नात त्यांनी अक्षता टाकल्या त्यासुद्धा चालता चालता. "पोचलो न्हवं? भेटलो न्हवं? मग चला!"

ओसाकात त्यांची एकुलती एक लेक सुमा. जावई तिथल्या कारखान्यात इंजिनिअर. सुमानं फोनवर दम भरला होता, "चार दिवसांच्या आत निघालात तर बघा, तात्या."

मी शाळेत भूगोल शिकवतो, म्हणून बेत आखायला मला बसवलं. म्हणजे मी बसलो. तात्या येरझाऱ्या घालत होते.

"पहिल्या दिवशी किल्ला," मी नकाशावर बोट ठेवलं. "अर्धा दिवस धरा."

"अर्धा दिवस? आवं मास्तर, किल्ला बघायचाय का जिंकायचाय?"

"मग मोठं मत्स्यालय आहे."

"मासं कृष्णंत हायत की. फुडं?"

अशा रीतीने एवढं थोरलं ओसाका आम्ही पहिल्याच दिवशी दुपारच्या आत संपवलं.

"उरलेले तीन दिवस काय करणार?"

"फिरायचं. घरात बसायचं न्हाई," असं म्हणत तात्यांनी कोपऱ्यातलं सामान दाखवलं. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, पोतंभर भडंग आणि पाण्याचा भलामोठा कॅन.

"कॅन? विमानात?"

"मग तितं पानी काय पिऊ?"

"सुमाच्या घरी नळ असेल की हो!"

"लेकीच्या घरचं पानी? नातवंड हुईस्तवर? लय झालं मास्तर, असलं काय बोलू नगा."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरी अन्नपाणी घ्यायचं नाही, ही जुनी रीत घेऊन तात्या जपानला निघाले होते! सुमाच्या लग्नाला तर कितीतरी वर्षं झालेली. मी म्हटलं, "हे आता कोण पाळतं, तात्या?"

तात्या चक्क खाली बसले.

"रीत गेली खड्ड्यात, मास्तर. पर एवढी वर्सं पाळली आन् आता जेवलो, तर पोरीला वाटंल, बापानं आस सोडली."

आणि लगेच उठून भडंगाच्या पोत्याचं तोंड बांधू लागले.

रविवारी सुमाला फोन करायला आम्ही कोपऱ्यावरच्या बूथवर गेलो. मागे रांग. तात्यांचा एक पाय नेहमीप्रमाणे दाराबाहेर.

"सुमे, दशम्या आणतोय. तू काय रांधू नगं. मी आपला बाहीरच..."

पलीकडून सुमाचा आवाज आला, मलाही ऐकू येईल इतका स्पष्ट.

"तात्या, डॉक्टरांनी सांगितलंय. आम्हाला मूल होणार नाही. तुम्हाला कसं सांगावं कळत नव्हतं. मग आता तुम्ही माझ्या घरी कधीच जेवणार नाही?"

तात्यांचा बाहेरचा पाय आत आला. मीटरचे लाल आकडे पळत होते. तात्या तेवढे जागच्या जागी उभे. या माणसाला इतका वेळ स्थिर मी कधी पाहिलाच नव्हता. रांगेतल्या एकानं काचेवर टकटक केलं, तरी ते हलले नाहीत.

मग रिसीव्हर दोन्ही हातांत धरून ते असे ओरडले, की अख्खी रांग दचकली:

"किल्ला मरू दे गं! भात जास्ती टाक सुमे, मी उपाशीच येतोय!"