अठरा तासांची कॉफी

आमच्या शेजारचे तारमास्तर साळवे कॉफी विहिरीत सोडत. चूल नाही, स्टोव्ह नाही, निखारासुद्धा नाही. दुपारी दोनला दोर खाली जायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला वर यायचा. मधले अठरा तास त्या कॉफीला कुणी हात लावायचा नाही, आणि शक्यतो तिच्याविषयी बोलायचंही नाही.

ही गोष्ट नगरची, युद्धाच्या दिवसांतली. साखर रेशनवर होती, रॉकेलला रांगा होत्या. त्यामुळे गल्लीला आधी वाटलं, म्हातारा सरपण वाचवतोय. माझ्या यजमानांनी तर त्यांना काटकसरीबद्दल शाबासकीही दिली. मास्तर म्हणाले, "काटकसर नव्हे. घाई नको. साळवे."

हे शेवटचं "साळवे" समजून घ्यायला हवं. मास्तरांनी सगळी नोकरी तारखात्यात काढली होती. दुसऱ्यांचे शब्द मोजता मोजता स्वतःचेही मोजायची खोड त्यांना लागली. बोलताना उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरायचा, आणि बोलणं संपलं की तारेखाली पाठवणाऱ्याचं असतं तसं ते आपलं नाव घालायचे. "ढग आलेत. पापड काढा. साळवे." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, ते ओळख करून देताहेत. मी म्हटलं, "हो, माहीत आहे." त्यावर ते इतके गोंधळले की पापड मलाच धावत जाऊन काढावे लागले. भाजीवालीला "मेथी नको. साळवे." डॉक्टरला "पाठदुखी. जुनीच. साळवे." रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेच्या शेवटी ते "आमेन" म्हणत की "साळवे", याबद्दल गल्लीत पैजा लागत.

ते एकटेच होते. बायको फार पूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. पेन्शन झाल्यावर स्टेशनजवळची चांगली हवेशीर जागा सोडून ते आमच्या गल्लीतल्या दोन अंधाऱ्या खोल्यांत राहायला आले. का म्हणून विचारलं तर म्हणाले, "विहीर खोल. पाणी गार. साळवे." एवढं कारण मला पटलं नव्हतं, पण शेजाऱ्याच्या उलटतपासण्या घेणं माझं काम नव्हतं. त्यासाठी घरात सासूबाई होत्या.

विहीर आमच्या परसाच्या कडेला होती आणि तिला दोन बाजूंना दोन रहाट होते. अलीकडचा आमचा, पलीकडचा मास्तरांचा. ते ख्रिस्ती, आमचं घर भिक्षुकाचं. पाणी एकच आणि दोर दोन, असा त्या काळचा शहाणपणा होता.

आता कॉफीची कृती सांगते. आजही कुणाला करायची असेल तर करता येईल, सवड तेवढी हवी. भिंगारच्या कॅम्पातला एक मद्रासी सुभेदार मास्तरांना भाजलेले दाणे आणून देई. मास्तर ते खलबत्त्यात कुटत, पण बारीक नाही, लापशीच्या रव्याइतके जाड. "बारीक पूड कडवट. जाड समजूतदार. साळवे." मग धुवट मलमलीची सैल पुरचुंडी बांधायची. घट्ट बांधली तर दाण्यांचा जीव गुदमरतो, असं त्यांचं म्हणणं. ती चिनी मातीच्या बरणीत ठेवायची, वर गार पाणी ओतायचं, झाकणावर फडकं बांधायचं आणि बरणी दोराला लावून खाली सोडायची. दोराला एके ठिकाणी लाल दोरा गुंडाळलेला होता. तो काठाला टेकला की बरणी पाण्याच्या वर वीतभर लोंबत राहते. पाण्यात बुडता कामा नये, नुसता गारवा लागला पाहिजे.

नगरच्या उन्हाळ्यातली दुपार म्हणजे गल्लीत चिटपाखरू नसतं. निंबाची सावली विहिरीवर पडलेली असे, आत पारवे घुमत, आणि वाकून पाहिलं की खालून गार श्वास तोंडावर येई. तळाशी आभाळाचा पैशाएवढा तुकडा असायचा आणि त्यात ती पांढरी बरणी हळूहळू फिरत असायची. मी भांडी घासायची सोडून बघत बसायची. बघता बघता मी सोनईच्या माझ्या माहेरी जाऊन यायची, लहान होऊन यायची, आणि सासूबाईंची हाक आली की पुन्हा नगरला यायची. मास्तर पलीकडच्या काठावर बसून तेच बघत. ते कुठे जाऊन येत ते मला माहीत नव्हतं.

सकाळी आठच्या ठोक्याला बरणी वर. निम्मी कॉफी, निम्मं थंड दूध, गुळाचा खडा. गल्लीत ज्याला हवं त्याने आपला पेला आणायचा. मी पहिल्यांदा प्याले तेव्हा मला ती कॉफी वाटलीच नाही. कडूपणाला धार नव्हती. जिभेवर आधी गारवा, मग लाकडासारखा वास, मग कुठून तरी उशिरा आलेली गोडी. नंतर तासभर मी दाराला टेकून उभी होते आणि चांदबीबीच्या महालाचा डोंगर मला हाताच्या अंतरावर दिसत होता. दूध उतू गेलं ते वेगळंच.

अख्खी गल्ली ती कॉफी प्यायची. फक्त एक माणूस प्यायचा नाही, आणि मास्तरांना नेमका त्याच माणसाने प्यायला हवं होतं. तो माणूस म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना सगळे माई म्हणत.

रोज सकाळी मास्तर पहिला पेला भरून विहिरीच्या काठावर, बरोबर मधोमध ठेवत आणि पलीकडून म्हणत, "माई, कॉफी तयार. साळवे." माई आपला दोर ओढत राहत. पेला उन्हात तापे, त्यात मुंगी पडे, आणि मास्तर तो उचलून निंबाच्या बुंध्याशी ओतत. दोन उन्हाळे हे चाललं होतं. तो निंब तेवढा भलताच तरारला होता.

माईंचा राग मला ठाऊक होता. तो सोवळ्याचा नव्हता, निदान सगळा नव्हता. माझं लग्न इथेच, सासरच्या दारात, गोरज मुहूर्तावर लागलं. माझे धाकटे दीर वसंतभावजी कराचीला नोकरीला होते. त्यांना रजा मिळाली नाही, म्हणून लग्नाला आले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता तार आली. विषमज्वराने भावजी गेले होते. ती तार शिपायाने नाही, साळवेमास्तरांनी स्वतः आणून दिली होती. माझ्या हातांवरची मेंदी अजून ओली वाटत होती, आणि घरात रडारड सुरू झाली.

घरात पाऊल पडताच दीर गेला, तर अशा सुनेला लोक पांढऱ्या पायाची म्हणतात. माईंनी एका शब्दानेही मला तसं म्हटलं नाही. दुसऱ्या कुणी म्हटलं तर त्याला उंबऱ्याबाहेर काढलं. पण राग कुठे तरी ठेवावा लागतो, तो त्यांनी मास्तरांवर ठेवला. "त्या माणसाच्या हातून एकदा घेतलं," त्या म्हणत, "तेवढं पुरे झालं."

एके दिवशी मास्तरांचा उतरलेला चेहरा बघून मी शहाणपणा केला. म्हटलं, "मास्तर, माई दुसऱ्याच्या हातचं पाणी घेत नाहीत. पण दुधाला विटाळ नसतो. दुधात भिजवलेली दशमी नाही का प्रवासात चालत? आणि दाणे तर नुसते भाजलेले, म्हणजे फुटाण्यांच्याच जातीचे."

मास्तरांचा अंगठा पेरांवर थांबला. दुपारी दोनला त्यांनी बरणीत पाण्याऐवजी दूध ओतलं. घोडेगावच्या बाजारातून आणलेल्या म्हशीचं, सायीचं, बिनपाण्याचं दूध. रतीब घालणारी सोनाबाई बघतच राहिली. "मास्तर, याड लागलं का? दूध इहिरीत सोडत्यात व्हय? पार नासंल की."

"गारवा आहे. टिकेल. साळवे."

"आवो, ह्यो चैताचा महिना हाय. म्हशीला तुमचा गारवा ठावं न्हाई."

सकाळी आठला बरणी वर आली तेव्हा सगळी गल्ली जमली होती. मास्तरांनी फडकं सोडलं. आत तपकिरी रंगाचं फाटलेलं दही बसलं होतं, आणि मधोमध पुरचुंडी रुतली होती. बरणीला लोक हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू. मास्तर बरणीशेजारी उकिडवे बसले आणि म्हणाले, "दूध नासलं. दिलगीर." नाव घालायचंही विसरले. मग मला हसू येईना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा नेहमीची पाण्यातली कॉफी केली. पहिला पेला भरून मधोमध ठेवला. पण "माई, कॉफी तयार" न म्हणताच ते पलीकडे जाऊन बसले.

माईंनी आपला दोर सोडून दिला. घागर धाडकन खाली गेली.

"तारमास्तर," त्या म्हणाल्या, "दोन वर्षं बघतेय. सगळी गल्ली पिते तुमची ती कॉफी. माझ्याच मागे का लागलात? काय देणं लागता माझं?"

मास्तर उभे राहिले. अंगठा पेरांवर गेला आणि तिथून खाली उतरला. मग मी त्यांना जन्मात पहिल्यांदा मोजल्याशिवाय बोलताना ऐकलं.

"माई, ती तार सकाळी आठला आली नव्हती. आदल्या दिवशी दुपारीच आली होती. शिपाई जेवायला गेला होता, म्हणून मीच सायकलवर घेऊन निघालो. तुमच्या दारात पोचलो तेव्हा दोन वाजले होते. दारात केळीचे खांब होते, आणि ही सूनबाई हळदीच्या साडीत खिडकीशी उभी होती, इतकीशी पोर. मला ठाऊक होतं, माई, आम्ही ख्रिस्ती असलो तरी गावात राहतो. तार दिली की सुतक लागणार. मांडव उतरणार, मुहूर्त मोडणार, आणि या पोरीला पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही. मी सायकल वळवली. तार कोटाच्या खिशात ठेवली. नोकरी गेली असती, त्याचं काही नाही. पण तुमचा मुलगा गेलेला मला माहीत आणि तुम्हाला नाही, असे अठरा तास मी काढले. तो अधिकार मला कुणी दिला होता? तेव्हापासून विचारायचं होतं."

मी निंबाला धरून उभी होते. सहा वर्षं मी त्या घरात राहत होते, भाकऱ्या थापत होते, रुसत होते, हसत होते, आणि हे सगळं एका माणसाने सायकल वळवली म्हणून होतं. माझ्या डोळ्यांना धार लागली.

माई खाली विहिरीत बघत होत्या. तशाच वाकून म्हणाल्या, "दोन वाजता?"

"दोन."

"दोन वाजता पंगत बसली होती. वसंताच्या नावाने मी एक पान मांडलं होतं. त्याला जिलबी आवडायची, म्हणून दोन जास्त वाढल्या. सगळे हसले मला. संध्याकाळी अक्षता टाकताना त्याच्याही वाटणीच्या मीच टाकल्या."

मास्तरांनी मान खाली घातली.

"कानावर येईपर्यंत सुतक नसतं, मास्तर," माई म्हणाल्या. शास्त्रार्थ सांगायचा त्यांचा नेहमीचा करडा सूर होता, फक्त जरा हललेला. "त्या दिवशी झोपले तेव्हा मला दोन मुलगे होते. एक दिवस जास्त मिळाला मला. तो तुम्ही दिलात होय?"

त्यांनी हात लांब करून मधोमधचा पेला उचलला.

"माई, त्यात पाणी आहे," मास्तर घाईने म्हणाले. सायकल वळवली त्यानंतर, "घाई नको" म्हणणाऱ्या या माणसाची ही बहुधा दुसरीच गैरशिस्त.

"विहीर एकच आहे," माई म्हणाल्या आणि पदर सावरून, पाठ फिरवून, सगळी कॉफी प्यायल्या. पेला रिकामा झाल्यावरही त्या थोडा वेळ तशाच उभ्या होत्या.

त्या दिवशी दुपारी दोन वाजता दोर खाली गेला तेव्हा विहिरीच्या अलीकडच्या काठावर माई येऊन बसल्या. पारवे घुमत होते आणि बरणी आभाळाच्या तुकड्यात फिरत होती. आता मास्तर इतके दिवस तिथे बसून कुठे जाऊन येत ते मला माहीत होतं, आणि माईही तिथेच जाऊन आल्या असाव्यात. उठताना त्यांनी घासलेला पेला माझ्या हातात दिला आणि पलीकडे नेऊन द्यायला सांगितलं. सोबत निरोप होता. तो जसाच्या तसा सांगायचा, एक शब्दही इकडेतिकडे करायचा नाही, अशी ताकीद होती.

मी पलीकडे जाऊन मास्तरांना पेला दिला आणि निरोप सांगितला:

"कडू होती. उद्याही पाठवा. माई."