घरतकाकांचा खडू

आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटीत प्रत्येक म्हाताऱ्याच्या खिशात काही ना काही असतं. कुणाच्या तंबाखूची पुडी, कुणाच्या बीपीच्या गोळ्या. तळमजल्यावरच्या घरतकाकांच्या खिशात खडू असतो. रस्त्यात मेलेला पक्षी दिसला, की काका त्याच्याभोवती हे एवढं वर्तुळ काढतात, महापालिकेला फोन लावतात आणि माणसं येईपर्यंत तिथेच उभे राहतात. एकदा एका नवीन भाडेकरूने ते वर्तुळ पाहून घाबरत विचारलं, "मर्डर झाला का हो?"

"कबुतर मेलंय," काका म्हणाले. "आत पाय ठेवू नको, मंग तुझं पन वर्तुल काढायला लागंल."

काका मूळचे इथल्याच गावठाणातले. नोकरी पशुसंवर्धन खात्यात, जन्म गेला कोंबड्यांना लशी टोचण्यात. निवृत्त झाले ते फक्त कागदावर.

त्यांचा-माझा खरा परिचय एका कावळ्यामुळे झाला. आमच्या खिडकीच्या पत्र्यावर मरून पडला होता. मी शेपटीला धरून उचलला आणि खाली कचऱ्याच्या डब्यात नेऊन टाकला. काका बघत होते.

"हात लावलास?"

"शेपटीला फक्त."

"शेपटी काय त्याच्या मावशीची हाय?"

मग भर चौकात मला साबणाने कोपरापर्यंत हात धुवायला लावले. अंगातला शर्टही काढायला लावला. आमची ही गॅलरीतून बघत होती आणि हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. एवढ्यावर सुटलो असतो तर ठीक. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता बेल वाजली. दारात काका.

"ताप? खोकला? डोले लाल?"

"नाही, नाही, नाही."

"बरा हाय." आणि चालू पडले. असं सलग दहा दिवस! दुधवाला एखाद्या दिवशी चुकेल, पण काका नाही. पाचव्या दिवशी मी वैतागून म्हटलं, "अहो काका, मेला असेल उन्हाने!"

"असंल. नसंल पन. पक्ष्यांचा फ्लू मानसाला सहजासहजी नाय होत, साळव्या. पन झाला तर सोडत नाय. म्हनून बगायचं."

दहाव्या दिवशी त्यांनी मला 'सुटला' म्हणून जाहीर केलं. खोटं कशाला बोलू, अकराव्या दिवशी सातला बेल वाजली नाही तेव्हा मला चुकल्याचुकल्यासारखं झालं.

पुढच्या थंडीत बर्ड फ्लूच्या बातम्या सुरू झाल्या आणि सोसायटीच्या ग्रुपवर एकच गोंधळ. चिकन बंद करा, अंडी बंद करा, कुणी तर म्हणे कबुतरांकडे बघूसुद्धा नका. रविवारी काका आमच्याकडे येऊन बसले आणि हिला म्हणाले, "पोरी, कोंबडी शिजव. मी खातो, सगल्यांना बगू दे." मग स्वयंपाकघरात उभं राहून तिची परीक्षा. कच्चं चिकन नळाखाली धुऊन उडवायचं नाही, सुरी वेगळी, कापायची फळी वेगळी, हात साबणाने. रस्सा चांगला खदखदला, आतला तुकडा फोडून लालसर नाही ना हे पाहिलं, तेव्हा ताटावर बसले. "शिजलेल्या कोंबडीला घाबरू नको. आजारी कोंबडीला लावलेल्या हाताला घाबर." चार जण दारातून डोकावत होते. काकांनी तीनदा रस्सा वाढून घेतला.

आता एक गोष्ट सोसायटीत फक्त मला माहीत होती. काका रोज सकाळी डबा घेऊन 'ड्युटी'वर जायचे ते गावठाणात. तिथल्या घरी त्यांची बहीण बारकी राहते आणि मागच्या पडवीत काकांच्या नऊ गावठी कोंबड्या होत्या. म्हणजे काकूंच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा काकूंनी माहेरून एक जोडी आणली होती, तिचाच वंश एकतीस वर्षं चालत आलेला. काकूंना जाऊन सहा वर्षं झाली. कोंबड्या राहिल्या.

एका सकाळी त्यातली एक मरून पडली. दुसरी मान टाकून बसलेली, तुरा निळा पडलेला. काकांना बघताक्षणी कळलं. बारकी म्हणाली, "दादा, खाडीकडं खारीत फेकून दे. कोनाला कलतंय?"

खरंच कुणाला कळलं नसतं. बाकीच्या सात टुणटुणीत होत्या. पण बारकी खुराडं हातांनी साफ करायची, शेजारची पोरं पडवीत खेळायची. काकांनी पडवीसमोर खडूची रेघ मारली, बारकीला हात धुवायला लावले आणि आपल्याच जुन्या खात्याला फोन केला.

तपासणीत फ्लूच निघाला. सगळ्या कोंबड्या मारून पुरायला खात्याची टीम यायच्या दिवशी काकांनी मला बोलावलं. "ये, पन रेगेच्या आत नाय."

पांढऱ्या सूटमधली माणसं आली. काकांनीही हट्टाने सूट घातला, मास्क, चष्मा, सगळं. "त्या माज्याच हातात येतील." पण त्या वेषात कोंबड्यांनी त्यांना ओळखलं नाही, सैरावैरा पळाल्या. तेव्हा काकांनी हाक मारली, "ती ती ती ती..." आणि अहो, एकेक करून सगळ्या आवाजाकडे चालत आल्या. मी रेघेच्या बाहेर उभा राहून रडलो, लाज कसली त्यात.

शेवटी राहिला तो देवीच्या नावाने सोडलेला कोंबडा. बारकी आडवी आली. "ह्याला नाय! ह्यो देवीचा हाय!"

"देवीला मी सांगतो," मास्कमधून काका म्हणाले. "उद्या तुला ताप आला तर तिला काय सांगू?"

बारकी बाजूला झाली.

तिची तब्येत आरोग्य केंद्राची बाई रोज येऊन बघायची. काका आपल्या फ्लॅटमध्ये बसले, कुणाला आत घेईनात. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी मास्क लावून त्यांची बेल वाजवली आणि चार पावलं मागे उभा राहिलो.

"ताप? खोकला? डोळे लाल?"

काका शिस्तीत म्हणाले, "नाय, नाय, नाय."

असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी दार उशिरा उघडलं.

"ताप नाय. खोकला नाय. डोले लाल हायत. पन ते फ्लूचं नाय, साळव्या. तुज्या काकूची आठवन म्हनून एक पीस पन ठेवता नाय आलं रे."

मला जवळ जाता येत नव्हतं. तिथूनच म्हटलं, "काका, डोळे लाल म्हणजे डॉक्टर. नियम तुमचाच आहे."

"बराबर हाय," म्हणाले आणि मुकाट चपला घातल्या.

आधी फोन करून गेलो होतो, म्हणून दवाखान्यात त्यांना वेगळ्या खोलीत बसवलं. डॉक्टर मुलगी तरुण होती. मास्क लावून आली, डोळे तपासले, घशातला नमुना घेतला, मग कागद पुढे ओढला. मी दाराशी उभा होतो.

"आजोबा, पक्ष्यांशी संपर्क आला होता?"

हा प्रश्न विचारला की खरं सांगायचं, हे काकांनीच साऱ्या कोपरखैरण्याला शिकवलेलं.

"आला ना," काका म्हणाले. "एकतीस वर्सं."