कट्ट्याच्या नजरेआड

माणसाला दोन डोळे दिलेले आहेत ते पायाखालचा रस्ता बघून चालण्यासाठी. उरलेल्या वेळात ते शेजाऱ्यांच्या उपयोगी पडतात. घणसोलीच्या स्नेहसंगम सोसायटीत ही व्यवस्था कुठे लेखी नव्हती, तरी चौऱ्याऐंशी फ्लॅटना पुरून उरत असे. गेटच्या आत डाव्या हाताला सिमेंटचा कट्टा होता आणि कट्ट्याच्या मधोमध दिनानाथ सामंत बसत.

दिनानाथांनी न्हावा शेवा बंदरात बत्तीस वर्षं कंटेनरचे कागद तपासले होते. न उघडता आत काय आहे ते ओळखायची सवय एकदा नजरेला लागली की निवृत्तीच्या नारळाबरोबर ती काही परत करता येत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते हसून एवढंच विचारत, "काय मग, सध्या काय चाललंय?" प्रश्न साधा होता. (सुरीही दिसायला साधीच असते.) गेल्या वर्षी त्यांनी विचारलेल्या एकसष्ट प्रमुख प्रश्नांपैकी अडतीस नोकरीचे, चौदा लग्नाचे, सात निकालाचे आणि दोन वजनाचे होते. वजनाचे दोन्ही एकाच बाईंना विचारले गेले. त्या आता उलव्याला राहतात.

फेब्रुवारीत त्यांचा मुलगा आकाश याच्या महाप्यातल्या कंपनीने मनुष्यबळाचं सुसूत्रीकरण केलं. म्हणजे सूत्र कंपनीकडे राहिलं आणि मनुष्य घरी आला. या निर्णयाचा तुमच्या कामाशी काही संबंध नाही, असं त्याला चार मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर सांगण्यात आलं. आपला तरी आता कामाशी कुठे संबंध राहिलाय, असं आकाश जेवताना म्हणाला आणि एकटाच हसला.

दिनानाथांना फार वाईट वाटलं. एकतीस वर्षांचा मुलगा, कामाला वाघ, आणि दुपारी बारापर्यंत कालच्याच टी-शर्टात. पण त्याहून वाईट त्यांना लिफ्टमध्ये तळमजल्याचं बटण दाबताना वाटलं. खाली कट्टा होता. कट्ट्यावर उदयसिंह मोहिते होते, मीनाताई कर्णिक होत्या, आणि तो प्रश्न त्यांना दिनानाथांनीच शिकवला होता. त्यांनी पुन्हा सहाव्या मजल्याचं बटण दाबलं.

मार्चमध्ये आकाशला पहिली मुलाखत आली. इस्त्रीचा शर्ट घालून तो निघाला. "काय रे, आज ऑफिसला उशीर?" मीनाताईंनी कट्ट्यावरून विचारलं. तो "हो" म्हणाला, गेटपर्यंत गेला, पार्किंगला वळसा घालून वर आला आणि शर्ट हँगरला लावला. त्याच्या आईने, अरुणाबाईंनी, काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाला, "काही नाही, एक वस्तू विसरलो." काय विसरला ते काही तो आठवायला तयार नव्हता.

त्याच्या लॅपटॉपवर त्या दिवसांत एक गेम कायम उघडा असे. नाव 'हळूच'. नेरुळच्या दोघांनी राहत्या खोलीत बसून केलेला. (अशा गेमला इंडी म्हणतात. इंडी म्हणजे स्वतंत्र. घरी बसून काम करणाऱ्याला मराठीत अजून इतका चांगला शब्द मिळालेला नाही.) त्यात एक म्हातारा जासूद, कमरेला चिठ्ठी, आणि त्याला किल्ल्याबाहेर पडायचंय. तलवार नाही. मारायचं बटणच नाही. जागोजागी पहारेकरी, आणि प्रत्येकाच्या तोंडापुढे सुपाएवढा पिवळा उजेड. त्या उजेडात पाय पडला की पहारेकऱ्याच्या डोक्यावर उद्गारचिन्ह उगवतं आणि जासूद परत पहिल्या दरवाजाशी.

पहिल्या दिवशी दिनानाथ सदतीस वेळा पकडले गेले.

"बाबा, तुमी पळताय कशाला?" आकाश म्हणाला. "थांबायचं. त्याला वळू दे. पाठ फिरली की मग निघायचं."

"आणि नायच वळला तर?"

"वळतो हो. प्रत्येकाचं ठरलेलं असतं."

या खेळात एवढं काय ठेवलंय, असं शहाणी माणसं विचारतात. या विषयावर दिनानाथांनी सोफ्यावर तीन आठवडे संशोधन केलं (मार्गदर्शक: आकाश, चहा: अरुणाबाई). इतर खेळांत जिंकल्याचं चार लोकांना कळावं लागतं. इथे कुणाला काहीच कळलं नाही की जिंकलो, हा मुख्य निष्कर्ष. खांबाआड श्वास धरून उभं राहायचं, पहारेकरी हातभरावरून जायचा, त्याला पत्ता नसायचा, आणि दिनानाथांना असं काही गार वाटायचं की बत्तीस वर्षांच्या नोकरीत कधी वाटलं नव्हतं. शिवाय शेजारी मुलगा असे. गेल्या दहा वर्षांत बापलेक एवढा वेळ एकमेकांजवळ बसले नव्हते. नोकरी जाण्याचा हा फायदा कंपनीने पत्रात नमूद करायला हवा होता.

आता खेळातली विद्या खेळातच ठेवणं म्हणजे नासाडी. दिनानाथ दूध आणायला जिन्याने उतरू लागले. बाल्कनीतून पाहणी करून त्यांनी तक्ता केला. मोहिते: सव्वाअकराला एपीएमसी बाजारातल्या त्यांच्या बटाटा गाळ्यावरून फोन, तोंड भिंतीकडे, अकरा मिनिटं. मीनाताई: भाजीची गाडी आली की मान उजवीकडे, सहा मिनिटं, कोथिंबीर असल्यास आठ. महिनाभर ते कुणालाही दिसले नाहीत. कट्टा हल्ली बराच मोकळा असतो हे त्यांच्या ध्यानात आलं, पण त्याचं श्रेय त्यांनी स्वतःच्या कौशल्याला दिलं.

मग आकाशला दुसरी मुलाखत आली. गुरुवार, बारा वाजता, ऐरोली. या वेळी दिनानाथांनी मोहीम स्वतःकडे घेतली. पुढे ते, मागे इस्त्रीच्या शर्टातला आकाश. सहा मजले जिन्याने उतरायचे, मोहित्यांचा फोन येईपर्यंत तळमजल्याच्या मीटर रूममध्ये थांबायचं, आणि मग गेट. परत येणं हा पर्याय योजनेत नव्हता. पोरगं आणखी एकदा शर्ट हँगरला लावताना बघणं त्यांच्याच्याने झालं नसतं.

अकरा वाजून दहा मिनिटांनी त्यांनी मीटर रूमचं दार ढकललं. आत अंधार होता, आणि अंधारात माणसं होती.

"लवकर आत या नि दार लावा," मीनाताईंचा आवाज कुजबुजला. "दिनानाथ खाली उतरलेत म्हणे."

दिनानाथांनी दार लावून घेतलं. (सूचना रास्त होती.)

मोहित्यांनी मोबाईलचा टॉर्च लावला. उजेड थेट दिनानाथांच्या तोंडावर पडला. कुणाच्या डोक्यावर उद्गारचिन्ह उगवलं नाही. मीटर रूमचं छत तेवढं उंच नव्हतं.

मग हळूहळू कळलं ते असं की मोहित्यांची राजेश्वरी पाचव्यांदा स्पर्धा परीक्षेत राहिली होती, आणि मीनाताईंची क्षिप्रा डिसेंबरपासून माहेरी होती, बॅगांसकट.

"तुमी कट्ट्यावर बसत हुता तवा बरं हुतं," मोहिते म्हणाले. "कुटं बसलाय ते दिसत तरी हुतं. आता कुटनं निघाल याचा भरवसा न्हाई."

"आम्ही तरी कट्ट्यावर का बसायचो?" मीनाताई म्हणाल्या. "तुमच्या शेजारी बसलं की तुम्ही समोरच्याला विचारता."

दिनानाथांना लाज वाटली. इतकी की आकाशकडे बघवेना. ते मीटरांकडे बघत म्हणाले, "याची नोकरी गेलीय. दोन महिने झाले. इंटर्व्ह्यूला चाललाय. मागच्या वेळी निघाला होता, तो आपल्या कट्ट्यावरून परत आला."

मोहित्यांनी काहीतरी विचारायला तोंड उघडलं. आकाशने डोळे मिटले.

"पोरा," मोहिते म्हणाले, "कॉलर आत दुमडलीय बग," आणि हात पुढे करून त्यांनी ती सरळ केली.

मीनाताईंनी दार उघडलं. आकाश बाहेर पडला आणि अंगणाच्या मधोमध, बूट वाजवत, रिकाम्या कट्ट्यावरून गेटकडे गेला. दारातून तिघं बघत राहिले. त्यांच्यापैकी कुणीही एक शब्द विचारला नाही.

राहता राहिले वाचक. मुलाखत कशी झाली, नोकरी लागली का, कुठे, पॅकेज किती, आणि एकतीस म्हणजे लग्नाचं काय, हे प्रश्न त्यांच्या मनात आले आहेत. ते आपुलकीतूनच आले आहेत याबद्दल आम्हाला शंका नाही. आणि उत्तर याच ओळीत कुठेतरी असणार म्हणून तुम्ही नजर इथे खिळवून ठेवलीत, तेवढ्यात आकाश तुमच्या पाठीमागून निघून गेला.