मोहटाण्यातला पोलिकारपोव गट

मोहटाणे नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेत बसस्थानक चौकात लढाऊ विमान उभारण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला, तेव्हा विमानापेक्षा एकमताचेच नवल सभागृहाला जास्त वाटले. आसपासच्या गावांनी आपापल्या चौकांत सिमेंटचा केळीचा घड, कापसाचे बोंड, तोफ असे काही ना काही उभे केले होते. मोहटाण्याच्या चौकात तोवर फक्त वाहतूक होती.

विमान हवाई दलाच्या सेवेतून निवृत्त झालेले मिग-२१ होते. ते पंख काढून ट्रेलरवर आले. नगराध्यक्षा प्रमिलाबाईंनी त्याच्या नाकाला कुंकू लावले आणि त्यांचे यजमान जीवरामनाना यांनी भाषण केले. नाना कोणत्याही पदावर नव्हते. त्यामुळे नगरपरिषदेचे सगळे निर्णय त्यांना मोकळेपणाने घेता येत.

ठरावाच्या शेवटी एक कलम होते, की विमानाचा इतिहास विशद करणारा फलक सोबत असावा. ते कलम कोणी घातले हे कोणालाच आठवेना; पण घातलेले कलम काढायला वेगळा ठराव लागतो, म्हणून इतिहासलेखन उपसमिती स्थापन झाली आणि तोतारामसर बोरसे तिचे अध्यक्ष झाले.

तोतारामसरांनी हायस्कुलात आयुष्यभर इतिहास शिकवला होता. काय घडले ते पाठ्यपुस्तक सांगत असे, सर फक्त ते मोठ्याने वाचत असत. आता निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कोणीतरी त्यांना म्हटले होते, ‘सर, तुम्ही लिहा.’ सर हरखून गेले. त्यांनी जळगावच्या वाचनालयात बैठक मारली, मुंबईहून पुस्तके मागवली, रशियन नावांचे उच्चार कागदावर लिहून आरशापुढे घोकले. पत्नी कोकिळाबाई स्वयंपाकघरातून विचारत, “कोणाशी बोलता?” सर म्हणत, “गुरेविच.” बाई म्हणत, “त्यांना चहा ठेवू का?”

फलकाचा मसुदा सरांनी सभागृहात स्वतः उभे राहून वाचला.

“हे विमान मिकोयन-गुरेविच या सोव्हिएत संरचना कार्यालयाने निर्माण केले,” सर वाचू लागले. “या कार्यालयाचा जन्म १९३९ साली मॉस्कोत झाला. त्या काळी पोलिकारपोव नावाचे थोर संरचनाकार होते. ते सरकारी दौऱ्यावर जर्मनीला गेले असताना, मागे त्यांची उत्तम माणसे आणि नव्या विमानाचा आराखडा काढून एका नव्या विभागाला देण्यात आला. विभागाचे प्रमुखपद तरुण आर्तेम मिकोयन यांना मिळाले. मिकोयन यांचे थोरले बंधू त्या वेळी मंत्रिमंडळात होते. पोलिकारपोव परतले, तेव्हा त्यांच्याकडे दौऱ्याचा अहवाल तेवढा उरला होता.”

सभागृहात अशी शांतता पसरली, की बाहेर ट्रॅक्टर उलटा घेणाऱ्याच्या शिव्या स्पष्ट ऐकू येऊ लागल्या.

याचे कारण सरांना सोडून सर्वांना ठाऊक होते. दोन वर्षांपूर्वी कौतिकआबा नगराध्यक्ष होते. आबा स्वच्छतेच्या अभ्यासदौऱ्यावर इंदूरला गेले, आणि तिथला ओला कचरा पाहत असताना इकडे त्यांचे नगरसेवक उठून प्रमिलाबाईंकडे गेले. नानांचे थोरले बंधू त्या वेळी मुंबईत एका महामंडळावर होते, आणि अजूनही होते.

नानांनी चष्मा काढला. “सर, हाई कोणावर लिखेल शे?”

“मॉस्कोवर,” सर म्हणाले.

“मॉस्कोनी अशी बारीक माहिती तुमले कोणी दिन्ही?”

विरोधी बाकावरचे कौतिकआबा उठून उभे राहिले. दोन वर्षांत त्यांच्या चेहऱ्यावर असे तेज कोणी पाहिले नव्हते. “सर, बठ्ठं, पहिल्यापासून परत वाचा. सावकाश वाचा. आणि ह्यातला काना-मात्राही बदलला, तर आम्ही चौकात बसू.”

मुख्याधिकारी अभ्यासू होते. त्यांनी मसुदा ‘भावनांच्या अधीन राहून’ दुरुस्तीसाठी उपसमितीकडे परत पाठवला.

उपसमितीत नानांचा पुतण्या ललित नव्याने सदस्य झाला. तो इंजिनियर होता, म्हणजे त्याने इंजिनियरिंग केले होते. त्याने पहिल्याच बैठकीत विचारले, “सर, मिग म्हणजे काय?”

“मिकोयनचा म, गुरेविचचा ग. इंग्रजीत मधे एक छोटा आय असतो. रशियन भाषेत ‘इ’ म्हणजे ‘आणि’.”

“मग राजभाषा धोरणाप्रमाणे आपल्याला ‘आणि’ वापरावं लागेल,” मुख्याधिकारी म्हणाले. “मि, आ, गु. मिआगु.”

सगळ्यांनी तो शब्द एकदा मनात म्हणून पाहिला. मग महिला व बालकल्याणच्या सभापती खाली बघत म्हणाल्या, की शेवटचं अक्षर चौकात लावण्यासारखं नाही. शाळेची मुलं तिथूनच जातात.

“मग दुसऱ्या साहेबांचं नाव वगळू,” ललित म्हणाला.

सर कळवळून म्हणाले, “अहो, गणिताचं डोकं त्याचंच होतं. अर्थात, मिकोयन वारल्यावर मॉस्कोनेही कार्यालयाच्या नावातून गुरेविच काढून टाकला, विमानांवर तेवढा राहिला...” आणि आपण काय बोलून बसलो हे त्यांना वाक्य संपल्यावर कळले.

“म्हणजे पूर्वोदाहरण आहे,” मुख्याधिकारी समाधानाने म्हणाले.

सरांनी तरी धीर सोडला नाही. निदान हे विमान प्रत्यक्षात ओझरच्या कारखान्यात जोडले गेले, एवढे तरी राहू द्या, असे ते म्हणाले. ओझर नाशिक जिल्ह्यात येते हे लक्षात येताच तेही वाक्य गेले. खान्देशच्या चौकात नाशिकचे विमान कशाला, असा सवाल उद्या कोणी केला तर काय उत्तर देणार?

इकडे कौतिकआबा स्वस्थ बसले नव्हते. त्यांनी ‘पोलिकारपोव विचार मंच’ स्थापन केला. इंटरनेटवरून पोलिकारपोवचा फोटो काढून मोठा केला, त्याला झेंडूचा हार घातला आणि चौकात मंडप टाकला. चांदभाई पेंटरने बॅनर रंगवले: ‘पोलिकारपोव साहेबांवरील अन्याय सहन करणार नाही.’ दुसऱ्याच दिवशी नानांच्या माणसांनी समोर दुसरा मंडप टाकला. त्यांचेही बॅनर चांदभाईनेच रंगवले: ‘विकासपुरुष मिकोयन दादा आगे बढो.’

“चांदभाई, तुम्ही नेमके कोणाकडे?” सरांनी त्याला गाठून विचारले.

“सर, मैं तो ब्रश की तरफ,” चांदभाई म्हणाला. “बस नाव तेवढं छोटं ठेवत जा. पो-लि-का-र-पो-व लिहिताना शिडी दोनदा सरकवावी लागते.”

गाव दुभंगले. पोलिकारपोव गटाच्या दुकानातून मिकोयन गटाचे लोक किराणा घेईनासे झाले. एका घरात साखरपुडा मोडला, कारण मुलाचे मामा पोलिकारपोवचे निघाले. वरच्या आळीतल्या म्हाताऱ्या भिकुबाईंनी सरांना थेट विचारले, “हाऊ पोलिकारपोव आपलामधला शे का?” सरांनी नाही म्हटल्यावर त्यांचा सगळा रस संपला.

मग मंडपावर दगड पडले, आणि चौकशीसाठी सरांना पोलीस ठाण्यात बोलावले.

“तुमचा सोव्हिएत संघाशी संबंध काय?” निरीक्षकांनी विचारले.

“साहेब, तो संघ १९९१ सालीच संपला.”

“म्हणजे बंद पडलेल्या संस्थेच्या नावाने तुम्ही इथे काम करता.” निरीक्षकांनी ते लिहून घेतले. “दंगलीच्या वेळी कुठे होता?”

“घरी. शुद्धलेखन तपासत होतो.”

“कोणाचं?”

“माझंच.”

निरीक्षकांनी काही दिवस गावाबाहेर जाऊन या, असा सल्ला दिला. पिंपळनेरला सरांच्या पुतणीचे लग्न होतेच. सर आणि कोकिळाबाई तिकडे गेले. लग्नात सर जेवले, नाचणाऱ्यांना कौतुकाने पाहत बसले. फलकाच्या पहिल्या वाक्यात ‘निर्माण केले’ बरे की ‘घडवले’ बरे, हाच विचार त्यांच्या डोक्यात घोळत होता. ‘घडवले’ बरे, असे त्यांनी परतीच्या एसटीत ठरवले.

मोहटाण्याला उतरले तर चौकात विमान उभे होते. दोन्ही मंडप निघाले होते. फलकावरचा पडदाही निघालेला होता. वर मधोमध प्रमिलाबाईंचा फोटो, एका बाजूला नाना, दुसऱ्या बाजूला नानांचे मुंबईचे बंधू, आणि तडजोड म्हणून कोपऱ्यात हसणारे कौतिकआबा. आबांना पाणीपुरवठा समिती मिळाली होती. फोटोंच्या खाली लिहिले होते: ‘हे विमान आहे. संकल्पना व संशोधन: इंजि. ललित.’

सर बॅग हातात धरून तिथेच उभे राहिले. कामगार उरलेला गुलाल झाडत होते. सरांना राग येईल असे वाटले होते, पण आले ते वेगळेच काहीतरी. पुस्तकात त्यांनी वाचले होते, की पोलिकारपोव जर्मनीहून परतला. परतून कुठे उभा राहिला, कोणाला काय विचारले, घरी जाऊन बायकोला काय सांगितले, ते पुस्तकात नव्हते. ते आता त्यांना सगळे समजले, आणि लिहायला फलक नव्हता.

“चला,” कोकिळाबाई म्हणाल्या. मग थोडे पुढे गेल्यावर, मागे न बघता म्हणाल्या, “तुमी जे लिखं, तेच तुमनासंगे व्हयनं.”

त्या आठवड्यात सरांकडे कोणी फिरकले नाही. आले ते एकटे प्रेमराज महाजन. हे निवृत्त ग्रंथपाल, सरांचे जुने सोबती. मोहटाण्याचा समग्र इतिहास लिहायचा म्हणून त्यांनी पंधरा वर्षे गावातल्या म्हाताऱ्यांशी बोलण्यात, कबरी आणि समाध्या वाचण्यात घालवली होती. नगरपरिषदेला निषेधाचे पत्र त्यांनी स्वतःच्या नावाने दिले. वर सही करणारा गावात दुसरा कोणी मिळाला नाही, तरी दिले. जाताना म्हणाले, “तोताराम, असल्या गोष्टी होतात. पण निदान एकाने तरी म्हणायला हवं, की झाली.”

सरांच्या डोळ्यांत पाणी आले. असा माणूस असतो म्हणून गाव चालते, असे ते कोकिळाबाईंना म्हणाले.

महिन्याभराने नाना स्वतः सरांच्या घरी आले. खुर्चीवर न बसता मांडी घालून खाली बसले, याचा अर्थ काम मोठे होते.

“सर, तुमचा मान राहिला नाही, हे माझ्या मनाला लागलं,” नाना म्हणाले. “नगरपरिषदेची शताब्दी येते आहे. गावाचा इतिहास ग्रंथरूपात काढायचा. मुख्य संपादक तुम्ही. मुखपृष्ठावर नाव. ह्या खेपेला ललित मधे येणार नाही, शब्द देतो.”

“पण ते काम प्रेमराज करताहेत,” सर म्हणाले.

“करत होते. त्यांनी बाडं ग्रंथालयाच्या कपाटात ठेवलेली आहेत, आणि कपाट नगरपरिषदेचं. शिवाय त्यांनी आमच्याविरुद्ध पत्र दिलं. पत्र देणाऱ्याच्या नावाने परिषदेचा ग्रंथ कसा काढणार? नियमात बसत नाही.” नानांनी चहाची बशी खाली ठेवली. “ते सध्या मुलाकडे कॅनडाला गेले आहेत.”

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला.

सरांना प्रेमराज आठवले, पत्र आठवले. आपण हे काम घेतले नाही तर ते ललितकडे जाईल आणि तो त्याचे मातेरे करील, असाही विचार त्यांच्या मनात आला. हा विचार फारच सोयीचा होता, म्हणून त्यांनी तो दोनदा केला.

“परत कधी येणार आहेत ते?” त्यांनी विचारले.

“दिवाळीनंतर.”

“मग वेळ आहे,” सर म्हणाले.

ग्रंथ देखणा निघाला. प्रस्तावनेत सरांनी ‘ज्ञात-अज्ञात सहकाऱ्यांचे’ आभार मानले. प्रकाशनाला नाट्यगृह भरले होते. कॅनडाहून परतलेले प्रेमराज शेवटच्या रांगेत बसले होते. कोणी त्यांना पुढे बोलावले नाही आणि ते आले नाहीत. नानांनी ग्रंथ उंच धरला, तेव्हा सभागृहातल्या प्रत्येकाने आधी ग्रंथाकडे पाहिले, मग हळूच मागे वळून त्या शेवटच्या रांगेकडे, आणि मग टाळ्या वाजवल्या. त्या बराच वेळ वाजत राहिल्या, कारण आधी थांबायचे कोणी हे ठरत नव्हते.

ग्रंथ कोणाचा आहे हे त्या सभागृहात कोणाला ठाऊक नव्हते, असे समजू नका. सगळ्यांना ठाऊक होते. तुम्हीही होतातच की तिसऱ्या रांगेत. टाळ्या वाजवून भरीत-पुरीच्या रांगेत तुम्ही माझ्याच पुढे उभे होतात, आणि वळून मला म्हणालात, की प्रेमराजचं वाईट वाटतं, पण भरीत छान झालंय.